उलटीं अक्षरें

प्राध्यापकाला स्वतःच्या विषयाखेरीज इतर सर्व विषयांतलें कळतें, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतून अद्यापि दृढ आहे. मी गेलीं अठ्ठावीस वर्षें पनवेलच्या एका महाविद्यालयांत इंग्रजी शिकवितों. परंतु शेक्सपियरविषयीं माझ्या एकाहि नातेवाइकानें मला कधीं कांहीं विचारलेलें नाहीं. विचारतात तें हें कीं, मुलाला कोणत्या शाखेला घालावें, डोळ्यांचा डॉक्टर कोणता चांगला, आणि मुलीनें हट्टच धरला तर तिचें मन कसें वळवावें. द्रोणागिरीस राहावयास आलों तेव्हां या मंडळींच्या आवाक्याबाहेर गेलों असें मला वाटलें होतें. एका अंगाला न्हावा-शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरगाड्यांची न संपणारी रांग, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरें, आणि पलीकडे तो डोंगर, ज्याला लोक हनुमंताच्या हातून निसटलेला तुकडा म्हणतात. अशा ठिकाणीं सल्ला घ्यावयास येण्यापेक्षां सल्ल्यावांचून राहणेंच पुष्कळांनीं पसंत केलें. पण १२ जानेवारी २०२४ या दिवशीं आगगाडी उरणपर्यंत धांवूं लागली, द्रोणागिरी नांवाचें स्थानकच झालें, आणि माझें हें संरक्षण संपलें.

मार्गशीर्षांतल्या एका रविवारीं सकाळींच माझी धाकटी बहीण आपल्या मुलीला घेऊन डोंबिवलीहून आली. ठाण्याला एकदां आणि नेरूळला एकदां गाडी बदलून ती आली होती, तेव्हां काम किरकोळ नसणार हें मीं ओळखलें. चहाचा पेला हातांत घेतांघेतांच तिनें विषय काढला.

“दादा, हिला समजावून सांग. अकरावीला इतके चांगले गुण पडले, पुढच्या वर्षी कुठंही प्रवेश मिळेल; आणि ही म्हणते, मासिकांची पानं लावायला शिकणार.”

“लावायला नाही, आई. मांडायला.”

“एकच तें. पानं लावतात विड्याची. त्याला शिकावं लागत नाही, टपरी लागते.”

भाची हंसली नाहीं. बहीणहि हंसली नव्हती. मग ती स्वयंपाकघराकडे वळतां वळतां हळूच मला म्हणाली, “आणि अप्पांचं काय झालं तें तूं विसरला असशील. मी नाही विसरलें.”

आमचे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणत असूं, गिरगांवांतल्या एका छापखान्यांत जुळारी होते. हा शब्द आज किती वाचकांच्या परिचयाचा असेल याची मला शंका आहे. शिशाचे खिळे एकेक उचलून, डाव्या हातांतल्या स्टिकमध्यें बसवून जो ओळी जुळवितो तो जुळारी. इंग्रजी जुळाऱ्याचें काम पेटींतल्या शें-दीडशें खणांवर भागे. आपल्या बाळबोध लिपीला काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरांचें सारें खटलें सांभाळावयाचें असल्यामुळें खणांची संख्या कित्येक पटींनीं वाढे, आणि जुळाऱ्याला त्या पेट्यांच्या मध्यें उभें राहून एखाद्या पेटीवादकासारखे दोन्ही हात चालवावे लागत. मुंबईकडे चालणाऱ्या डिग्री पद्धतींत तर अक्षराचें अंग वेगळें, वरची मात्रा वेगळी, खालचा उकार वेगळा. म्हणजे ओळ एक, पण तिचें बांधकाम तीन मजल्यांचें. लोकमान्यांनीं देखील ‘केसरी’साठीं खिळ्यांची ही संख्या कमी करण्याचा बराच खटाटोप केला होता, यावरून तिच्या जाचाची कल्पना यावी. आणि हें सगळें उलटें! खिळ्यावरचें अक्षर आरशांतल्यासारखें असतें आणि जुळारी तें डोकें खालीं करून बसवितो. अप्पा मराठी सातवीपर्यंत शिकलेले. वर्तमानपत्र वाचतांना ते सावकाश, बोट फिरवीत वाचीत. पण स्टिकमधली ओळ? ती ते आपण पाटी वाचतों तशी झरझर वाचीत.

त्यांच्या आंगठ्याला आणि पहिल्या दोन बोटांना शिशाची करडी झांक कायमची बसली होती. मी महाविद्यालयांत जाऊं लागलों आणि माझे मित्र घरीं येऊं लागले, तेव्हां ते हात पंचाखालीं घेऊन बसत. तें माझ्या ध्यानांत येत होतें. आणि मी त्यांना तसें करूं देत होतों.

मला त्यांनीं छापखान्याची पायरी कधीं चढूं दिली नाहीं. “तूं छापलेलं वाच. छापायचं मी बघतों,” असें म्हणत. दुपारचा डबा पोंचविण्याचें काम बहिणीकडे होतें. तिनें शाळेंत असतांना रेखाकलेची इंटरमीजिएटची परीक्षा दिली होती आणि तींत तिला कांहीं तरी चांगली श्रेणी मिळाली होती, असें मला अंधुक स्मरतें. अंधुक अशासाठीं कीं, त्याच वर्षीं माझा बारावीचा निकाल होता.

नव्वदच्या सुमारास छापखान्याच्या मालकांनीं संगणक घेतला. सहा महिन्यांचा वर्ग करून आलेला एक विशीचा मुलगा त्यापुढें बसूं लागला. अप्पांना कोणी काढलें नाहीं. त्यांच्या हातांतलें काम मात्र रोज थोडें थोडें कमी होत गेलें. त्या काळीं संगणकावरचीं मराठी अक्षरें फार केविलवाणीं असत. जोडाक्षरें मोडून पडत, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे. अप्पा त्या मुलाच्या पाठीमागें उभे राहून त्याला दाखवीत. मुलगा गुणी होता, ऐकून घेई. पण यंत्रांत तें अक्षरच नसे, तो तरी काय करणार? लग्नपत्रिकांपुरतें एक ट्रेडल आणखी कांहीं वर्षें चालूं राहिलें, आणि त्याच्याबरोबर अप्पाहि. पुढें खिळे मोडींत गेले. शिसें म्हणून, किलोच्या भावानें. अप्पांना जाऊन आतां सोळा वर्षें झालीं.

बहिणीची भीति ती ही. मला ती रास्त वाटली आणि मी कामाला लागलों.

भाचीला घेऊन मी गॅलरींत बसलों आणि प्राध्यापकी शिरस्त्याप्रमाणें मुद्दे काढले. पहिला मुद्दा असा कीं, ज्या वस्तूची मांडणी शिकावयाची ती वस्तूच उरलेली नाहीं. ‘मनोरंजन’ गेलें. ‘सत्यकथा’ १९८२ सालीं बंद पडली. ज्या मासिकांच्या पोस्टमनची घरोघर वाट पाहिली जाई त्यांचीं नांवें आतां प्रबंधांच्या तळटीपांत सांपडतात. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “मामा, दिवाळीला अंक किती निघतात?” दिवाळी अंक अजूनहि शेंकड्यांनीं निघतात हें मला नाकारतां येईना, १९०९ सालीं ‘मनोरंजन’काऱ्यांनीं पाडलेली ही प्रथा त्यांच्या मासिकापेक्षां पुष्कळच दीर्घायु ठरली आहे. “आणि शाळांचीं, रुग्णालयांचीं, बँकांचीं, सोसायट्यांचीं पत्रकं? तीं कोणीतरी मांडतंच ना? आणि मोबाइलवर वाचतात तेंही पानच असतं.”

मग मीं दुसरा मुद्दा घेतला, आणि तो घेतल्याचा मला लौकरच पश्चात्ताप झाला. मीं म्हटलें, हा कांहीं शिकून येण्याचा धंदा नव्हे. ज्यांनीं मराठी पान सुंदर केलें ते शाळेंत शिकले नव्हते. उदाहरणार्थ जावजी दादाजी (१८३९–१८९२). निर्णयसागरचीं अक्षरें साऱ्या हिंदुस्थानांत नांवाजलीं गेलीं. तो मनुष्य कोणत्या शाळेंत गेला होता? असें म्हणतांना माझें मलाच आठवलें कीं, जावजी लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत दरमहा दोन रुपयांवर खिळे घासावयास राहिले होते, आणि १८६४ सालीं स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढीपर्यंत अशाच ओतशाळांतून शिकत होते. हें शिक्षण नव्हे तर काय? मीं घाईनें शंकरराव किर्लोस्करांकडे वळलों. १९२० सालीं किर्लोस्करवाडीच्या माळावर, नांगरांच्या कारखान्याच्या आश्रयानें त्यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ काढलें. मुखपृष्ठाचें चित्र स्वतः काढावें, व्यंगचित्रें स्वतः काढावींत, मजकूर कोठें सुरू व्हावा आणि कोठें थांबावा हें स्वतः ठरवावें. आणि त्याच रोपट्यापासून पुढें ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) हीं मासिकें निघालीं.

“पण ते चित्रकला शिकलेलेच होते ना?” भाची म्हणाली. “आधी चित्रकला, मग कारखान्याच्या जाहिराती, मग मासिक. असंच वाचलंय मी.”

तिचें म्हणणें बरोबर होतें. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांचें नांव मी घेणार होतों, तें गिळलें. कारण टाइम्सच्या कलाविभागांत रोजच्या रोज अक्षरें काढीत ते घडले हें तिला ठाऊक असणार, हें एव्हांना माझ्या लक्षांत आलें होतें. जे कोणी मोठे झाले त्यांपैकीं शिकल्यावांचून कोणीच झाला नव्हता. फक्त त्यांची शाळा म्हणजे एखादा छापखाना, एखादा स्टुडिओ, एखादा कडक हाताचा संपादक असे. त्या शाळा आतां बंद पडल्या आहेत. मग मुलीनें जावें कोठें, असा प्रश्न मीं तिला विचारण्याऐवजीं मला स्वतःलाच विचारीत बसलों.

माझी बहीण स्वयंपाकघरांतून हें ऐकत होती. तिला माझा रंग आवडला नाहीं, हें भांड्यांच्या आवाजावरून कळलें.

दोन प्रहरीं मी झोंपलों असतां भाचीनें माझें पुस्तकांचें कपाट उघडलें. त्यांत आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचे वीस-पंचवीस अंक आहेत. पैकीं अकरा मीं संपादिलेले. मी उठून पाहतों तों ते सारे जमिनीवर पसरलेले. ती वाचीत नव्हती. एकेक अंक हातभर दूर धरून, डोळे अर्धवट मिटून ती पाहत होती. तसें पाहिलें म्हणजे शब्द पुसट होतात आणि काळ्यापांढऱ्याचे नुसते गट्ठे दिसतात, असें तिनें मला समजावून सांगितलें. मीं करून पाहिलें. माझे अंक तसे पाहणें ही कांहीं सुखाची गोष्ट नव्हती. समास नाहींत, ओळींत हवा नाहीं, जेथें बोटभर जागा उरली तेथें एक सुविचार कोंबलेला. संपादक या नात्यानें मला कोऱ्या कागदाचा तिटकारा होता. पैसे मोजून घेतलेला कागद कोरा सोडणें मला अन्नाची नासाडी केल्यासारखें वाटे.

एका पानापाशीं ती थांबली.

“मामा, हें पान कुणी केलं?”

तें एका सहकाऱ्याच्या निधनाचें पान होतें. रसायनशास्त्र शिकवीत, वर्ग सुटल्यावर घरीं जातांना वाटेंत कोसळले आणि गेले. पानाच्या वरच्या अर्ध्या भागांत त्यांचें छायाचित्र आणि वीसेक ओळी. खालच्या अर्ध्या भागांत गांवांतल्या एका मिठाईवाल्याची जाहिरात: पेढ्यांची पेटी उघडून हंसणारें कुटुंब.

“छापखान्यानं केलं असेल,” मी म्हणालों.

हें खोटें होतें. छापखान्यांतून मला दूरध्वनि आला होता. अर्ध्या पानाची एक जाहिरात उरली आहे, कोठें घालूं? मी परीक्षेच्या गडबडींत होतों. “बसवा कुठंही, जागा मोकळी जातां कामा नये,” असें मीं सांगितलें होतें. अंक निघाल्यावर त्या सहकाऱ्याच्या पत्नी कार्यालयांत येऊन दोन प्रती घेऊन गेल्या. आभार मानले; अधिक कांहीं बोलल्या नाहींत. पुढें वर्ष-दीड वर्षानें निवृत्तिवेतनाच्या कांहीं कागदांसाठीं मला त्यांच्या घरीं जावें लागलें. भिंतीवर तें पान चौकटींत लावलेलें होतें. पान नव्हे, अर्धें पान. जाहिरातीच्या वरच्या रेघेला धरून, जराहि वांकडें न जाऊं देतां, कात्रीनें कापलेलें.

तें मीं आजपर्यंत घरांत कोणाला सांगितलें नव्हतें.

रात्रीं जेवणें झाल्यावर तिनें आपला संगणक उघडला आणि तें पान नव्यानें मांडावयास घेतलें. मीं जवळ बसून पाहिलें. छायाचित्र तिनें लहान केलें, तें मला चमत्कारिक वाटलें. पण लहान झाल्यावर तो मनुष्य आपल्याकडे पाहूं लागला. मग तिनें दोन ओळींमधलें अंतर वाढविलें. आपल्या लिपीला शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खालीं उकार असतात. इंग्रजीसाठीं आंखलेल्या सांचांत मराठी ओतली कीं वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आपटतो आणि पान गुदमरतें. इंग्रजींत लांब शब्द ओळीच्या शेवटीं तोडतां येतो. मराठींत तशी वहिवाट फारशी नाहीं, म्हणून अरुंद स्तंभांत दोन्ही कडा सारख्या करण्याचा हट्ट धरला तर शब्दांच्या मधें भगदाडें पडतात. बारीक मजकूर चार रंगांच्या मिश्रणानें काळा करूं नये, निव्वळ काळ्या शाईनेंच छापावा; नाहींतर रंग केसभर सरकले कीं प्रत्येक अक्षराला सांवली फुटते. पानांची संख्या फर्म्याच्या हिशेबांत, सोळाच्या नाहीं तर आठाच्या पटींत बसली पाहिजे. यांतलें बरेंचसें तिनें बापूराव नाईकांच्या देवनागरी मुद्राक्षरांवरील १९७१ च्या ग्रंथापासून तों थेट संगणकावरच्या पाठांपर्यंत मिळेल तेथून गोळा केलें होतें. मला मात्र ऐकतांना सारखें वाटत होतें कीं, हें मीं पूर्वीं कोठें तरी ऐकलें आहे. पंचानें बोटें पुशीत अप्पा आईला हेंच सांगत असत. मी तेव्हां आंतल्या खोलींत वर्ड्‌स्वर्थ पाठ करीत असें.

शेवटीं पानाचा खालचा अर्धा भाग तिनें तसाच सोडला.

“इथं काय?” मीं विचारलें.

“काही नाही.”

“अग, पण जाहिरातीचे पैसे घेतले होते. ती कुठं तरी आली पाहिजे.”

“ती क्रीडावृत्ताच्या पानावर. तिथं मुलांनी ढाल जिंकलीय. पेढे तिथं शोभतात.”

इतकी साधी गोष्ट होती. अकरा अंकांच्या संपादकाला ती सुचली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गॅलरींतून खालीं पाहतांना मला आमच्या या वसाहतीचा एक विशेष आठवला. खाडीकांठची ही जमीन सखल. म्हणून सिडकोनें नव्या मुंबईची आंखणी करतांना ठिकठिकाणीं धारण तलाव ठेवले. भरतीच्या वेळीं धो धो पाऊस आला कीं पाणी तेथें थांबावें आणि ओहोटीबरोबर निघून जावें, अशी योजना. आमच्या सोसायटीच्या सभांतून एक गृहस्थ नेहमीं म्हणतात कीं, एवढी जागा फुकट पडली आहे, भराव घालून तेथें कांहीं बांधावें. मीं आजवर त्यांच्या सुरांत सूर मिसळीत आलों होतों. त्या सकाळीं तलावाच्या कडेला चिखलांत बगळे उभे होते. मीं भाचीला बोलाविलें आणि त्या अर्ध्या पानाची खरी हकीकत सांगितली, दूरध्वनीची, कात्रीचीहि. ती कांहीं वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, “त्यांनी सरळ कापलं होतं?” मीं म्हटलें, अगदीं सरळ.

पुढच्या शनिवारीं आम्हीं दोघें मुंबईस गेलों. ज्या आवारांत रडयार्ड किप्लिंग १८६५ सालीं जन्मला त्या जे. जे.च्या आवारांत मी इंग्रजीचा अध्यापक असूनहि एकदांच, तेंहि त्याच्या जन्मस्थानापुरता गेलों होतों. या वेळीं इतर इमारतींकडे पाहिलें. १८५७ सालीं ही कलाशाळा निघाली. तरी व्यापारी कलेचा विभाग, म्हणजे जाहिराती, वेष्टनें, मुखपृष्ठें शिकविणारा विभाग, उघडावयास १९३५ साल उजाडावें लागलें. १९६१ सालीं त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. २०२३ सालीं साऱ्या जे. जे.ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. त्याच परिसरांत १९५५ पासून शासनाची मुद्रणतंत्र संस्थाहि आहे. चित्र काढणारे आणि छापणारे इतके शेजारीं असल्याचें पाहून मला बरें वाटलें. ते एकमेकांकडे चहाला तरी जात असतील अशी आशा आहे.

एका झाडाखालीं एक विद्यार्थी बोरूनें ‘क’ काढीत बसला होता. नुसता ‘क’, पान भरून. भाचीनें त्याला चारच वर्षांच्या अभ्यासक्रमाविषयीं चाळीस प्रश्न विचारले. पहिल्या वर्षीं सर्वांना सारखेंच: रेखाटन, रंग, अक्षरलेखन. पुढें ज्याचा त्याचा कल पाहून अक्षररचना, बोधचित्रें, छायाचित्रण, संगणकीय चित्रण असे फांटे. मासिकाची मांडणी असा निराळा फांटा नाहीं. तें यांतूनच जमवावयाचें आणि उरलेलें कोणा जाणत्याच्या हाताखालीं शिकावयाचें. दुसरी वाट पवईची: आय. आय. टी.नें १९६९ सालीं औद्योगिक अभिकल्प केंद्र काढलें, आणि २०१५ पासून तेथें बारावीनंतरचा पदवी-अभ्यासक्रमहि आहे. त्याची प्रवेशपरीक्षा कठीण. जे. जे.चे जुने विद्यार्थी र. कृ. जोशी (१९३६–२००८) जाहिरातींच्या जगांत वर्षें काढून पुढें याच केंद्रांत अक्षरें शिकवावयास आले. कोट्यवधि लोकांच्या संगणकांत आलेली ‘मंगल’ नांवाची देवनागरी अक्षरें त्यांचीच. ज्या कोणास छपाईच्या अंगानें जावयाचें आहे त्यास पुणे विद्यार्थीगृहाच्या महाविद्यालयांत मुद्रण अभियांत्रिकीची वाट आहे.

एक गोष्ट मात्र मला या सर्वांत खटकली, आणि तिचा दोष कलाशाळांपेक्षां आम्हां भाषेच्या अध्यापकांकडे अधिक जातो. चित्र शिकविणारे वाचावयास शिकवीत नाहींत आणि वाचावयास शिकविणारे पान दाखवीत नाहींत. मी पदव्युत्तर वर्गाला ब्लेक शिकवितों. त्या माणसानें आपल्या कवितांचीं पानें स्वतः तांब्यावर कोरलीं, स्वतः छापलीं, पत्नीच्या मदतीनें रंगविलीं. वेलींच्या मधून त्याचे शब्द वाट काढीत जातात. आणि मीं पंचवीस वर्षें त्या कविता झेरॉक्सच्या करड्या कागदावरून शिकविल्या! जो विद्यार्थी मजकूर वाचल्यावांचून पान मांडतो तो मृत्युलेखाखालीं पेढे ठेवणार. पण मजकूर वाचूनहि मीं तेंच केलें होतें, तेव्हां केवळ वाचणेंहि पुरत नाहीं.

परततांना गाडींत मीं तिला बहिणीचा शेवटचा मुद्दा विचारला. आतां यंत्राला तोंडानें सांगितलें कीं तें चित्र काढतें, पानहि मांडून देतें. अप्पांच्या वेळीं यंत्र यावयास तीस वर्षें लागलीं. तुझ्या वेळीं तर तें आधींच येऊन बसलें आहे. चार वर्षें शिकून बाहेर पडशील तेव्हां तुझ्यासाठीं काय उरलें असेल?

“माहीत नाही, मामा,” ती म्हणाली.

मला तें उत्तर आवडलें. तिच्या वयाच्या मुलांना सर्व कांहीं माहीत असतें अशी माझी तक्रार असते. खाडीवरचा पूल ओलांडतांना ती पुन्हां म्हणाली, “आजोबांना तो संगणक कुणी शिकवला का नाही? रफार कुठं बसतो तें त्यांनाच तर माहीत होतं.”

मीं खिडकीबाहेर पाहिलें. त्या वर्षीं मी एम्. ए. करीत होतों. महाविद्यालयांत संगणकाचा वर्ग होता आणि मी त्याला जात असें.

संक्रान्तीच्या आदल्या दिवशीं मी डोंबिवलीस गेलों. तिचे यजमान नोकरीनिमित्त बाहेरगांवीं असतात, घरांत दोघीच. बहिणीला काय सांगावयाचें तें मीं वाटेंत तयार करून ठेवलें होतें. पण मी बोलण्यापूर्वींच तिनें पोटमाळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढें ठेवला. “हिला दाखवायचं म्हणून काढलं,” ती म्हणाली. आंत जुन्या वर्तमानपत्राच्या घडींत, दोऱ्यानें चहूं बाजूंनीं घट्ट बांधलेला खिळ्यांचा एक गट्ठा होता. विटेएवढा, आणि विटेहून जड.

अप्पांनीं बहिणीची लग्नपत्रिका स्वतः जुळविली होती, १९९८ सालीं. काम छापून झाल्यावर खिळे सोडून पुन्हां आपापल्या खणांत टाकण्याची रीत असते. ही पत्रिका त्यांनीं सोडली नाहीं. छापखान्याची मोड निघाली तेव्हां ते हा गट्ठा पिशवींत घालून घरीं घेऊन आले होते, आणि तो त्यांनीं तिला दिला होता. मला हें कांहींच ठाऊक नव्हतें.

भाचीनें तो दिव्याखालीं धरला आणि अक्षर अक्षर लावूं लागली. तिला जमेना. बहिणीनें तो तिच्या हातून घेतला, पाय वर असलेल्या त्या ओळींवरून एकदां बोट फिरविलें आणि ती वाचूं लागली. आरंभींच्या श्रीगजाननप्रसन्नपासून शेवटच्या निमंत्रकांपर्यंत, कोठेंहि न अडखळतां, आपण पाटी वाचतों तशी. रोज डबा नेणारी मुलगी मालकाच्या डोळ्यांआड पेटीशेजारीं उभी राहून काय करीत असे, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळत होतें.

“आता हें बघ,” ती मुलीला म्हणाली. “माझं नाव कुठंय? इथं. पातळ खिळ्यांत. आणि हें खाली, जाड खिळ्यांत कोण? मामा. एम्. ए. सकट.”

भाचीनें डोळे अर्धवट मिटून तो गट्ठा हातभर दूर धरला.

“तुला हें तेव्हांच दिसलं होतं?” मीं विचारलें.

“ओळ स्टिकमध्यें होती तेव्हांच.”

“मग अप्पांना बोलली कां नाहींस?”

“बोललें. जाड खिळे कमी आहेत म्हणाले. एकाच नावाला पुरतील.”

तिनें गट्ठा कागदाच्या घडींत परत ठेवला. दोरा एका बाजूनें सैल झाला होता. तो ताणून धरावयास तिनें मला सांगितलें आणि अप्पा बांधीत तशी चपटी गांठ बांधूं लागली. तिचा आंगठा करडा झाला होता.

“त्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज कधी निघतो म्हणालीस?” गांठीकडेच पाहत तिनें मुलीला विचारलें.